न पोहोचलेल्या अर्जाची पोच

प्रवेश, शिष्यवृत्ती, पीकविमा, घरपट्टीतली सवलत, कशाचेही अर्ज सुरू झाले की सांगली-साताऱ्यात एक वाद नव्याने पेटतो. फॉर्म पुढे सरकत नाही. लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी उमटते, 'सबमिट'चे बटण करडे ते करडेच राहते आणि शेवटची तारीख उलटून जाते. मग दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की लोक वाटेल ते भरतात, तेव्हा नियम अजून आवळा, प्रत्येक रकाना सक्तीचा करा, चुकीचे काही टाइपच होऊ देऊ नका. दुसऱ्या तटात माझे बरेच व्यवसायबंधू, म्हणजे असे फॉर्म लिहिणारे प्रोग्रामर आहेत. ते म्हणतात, ब्राउझरमधली, म्हणजे अर्जदाराच्याच मोबाइलवर किंवा संगणकावर होणारी तपासणी हा शुद्ध देखावा आहे. ज्याला थोडे कळते तो ती दोन मिनिटांत बाजूला सारतो. टाकून द्या ती, आणि जे तपासायचे ते सर्व्हरवर, म्हणजे अर्ज घेणाऱ्याच्या संगणकावर तपासा.

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि तरीही वाद भलतीकडे चालला आहे. तपासणी किती कडक असावी एवढ्यावरच दोघे भांडतात. ती कोणासाठी आहे आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणी विचारत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. ब्राउझरमधली तपासणी हवी, पण अर्जदाराची सोय म्हणून. तिने सुचवावे, चूक दाखवावी, आठवण करून द्यावी. अर्ज नाकारण्याचे काम तिच्याकडे दिले की ती प्रामाणिक माणसाला अडवते, लबाडाला सोडते आणि वर या दोन्ही गोष्टींची कुठे नोंदही ठेवत नाही. नकार द्यायचाच असेल तर तो सर्व्हरने द्यावा, कारण दप्तर त्याच्याकडे असते.

ही तपासणी जन्मली कशी ते पाहिले तर अर्धा गुंता सुटतो. १९९५ साली ब्रेंडन आइक याने नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेचा पहिला अवतार मे महिन्यातल्या दहा दिवसांत उभा केला. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.) तेव्हाच्या चांगल्या मोडेमचा वेग सेकंदाला २८.८ किलोबिट. फॉर्म भरून पाठवायचा, सर्व्हरने वाचायचा, 'आडनाव राहिले' म्हणून अख्खे पान परत पाठवायचे आणि ते पान उतरेपर्यंत माणसाने ताटकळत बसायचे. हा हेलपाटा वाचवणे हे त्या नव्या भाषेच्या पहिल्या कामांपैकी एक होते. पुढे एचटीएमएल-५ (वेबपान ज्या खुणांनी, म्हणजे टॅगांनी लिहितात त्या भाषेची पाचवी आवृत्ती) आले, ऑक्टोबर २०१४ मध्ये ते अधिकृत मानक झाले, आणि स्क्रिप्टची ओळही न लिहिता हे काम होऊ लागले. हा रकाना सक्तीचा, इथे ईमेल हवा, इथे अमुक साच्यातलाच मजकूर हवा, एवढे टॅगमध्ये लिहिले की ब्राउझर स्वतः पाहून घेतो. साधन बदलले, हेतू तोच राहिला. जतच्या पूर्व भागातून सांगलीला किंवा कोयनेच्या खोऱ्यातून साताऱ्याला एका कागदासाठी दोनदा गेलेल्या माणसाला या हेतूचे मोल सांगावे लागत नाही.

आता प्रोग्रामर मंडळींचा मुद्दा. तो खरा आहे, आणि पूर्ण खरा आहे. वेबपान एकदा माझ्या मोबाइलवर उतरले की ते माझे. त्यातला 'सक्तीचा' हा शब्द मी खोडू शकतो, करडे बटण चालू करू शकतो, स्क्रिप्ट बंद करू शकतो, किंवा ब्राउझर न उघडताच एका ओळीच्या आज्ञेने सर्व्हरला हवा तो मजकूर धाडू शकतो. सर्व्हरला समोरून काय आले एवढेच दिसते. ते कोणत्या वाटेने आले हे कळत नाही. सुरुवातीच्या काळातल्या ऑनलाइन दुकानांनी वस्तूची किंमत फॉर्ममधल्याच एका लपवलेल्या रकान्यात ठेवली होती. लोकांनी ती बदलून पाठवली आणि दुकानांनी त्या किमतीला माल दिला. अशा चुका आज होत नाहीत असे समजू नका. फीमधली सवलत ब्राउझरमध्ये मोजायची, येणारी रक्कम सर्व्हरने निमूट स्वीकारायची, अशी रचना आजही लिहिली जाते, कारण ती चटकन होते आणि दाखवायला छान दिसते.

म्हणून सर्व्हरने स्वतः तपासलेच पाहिजे, आणि ब्राउझरने काय सांगितले याकडे न पाहता तपासले पाहिजे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. पेशवाईत मामलतदाराच्या हाती परगण्याचा कारभार असे, पण त्याच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार असे दरखदार, म्हणजे हिशेब आणि दप्तर पाहणारे अधिकारी, बसवलेले असत. त्यांची नेमणूक थेट पेशव्यांच्या सरकारातून व्हायची आणि त्यांना काढण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. हिशेब त्यांच्या हातांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. ज्याने वसूल केला त्याच्या शब्दावर हिशेब मान्य करायचा नाही, एवढा साधा नियम. आणि उलट उदाहरण पाहायचे तर साताऱ्याच्या गादीकडून मिळणाऱ्या पेशवाईच्या वस्त्रांचे पाहावे. कागदोपत्री अंतिम मान्यता साताऱ्याची. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याला जो वरचढ असेल त्याला वस्त्रे जात. १७७३ मध्ये नारायणरावाच्या खुनानंतर ती राघोबादादांना मिळाली, आणि पुढच्याच वर्षी बारभाईंनी चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावासाठी मागितली, तेव्हा तीही मिळाली. मान्यता होती, तपासणी नव्हती. आपल्याकडचे कित्येक सर्व्हर आज नेमके हेच करतात. ब्राउझरने 'ठीक' म्हणून पाठवले, यांनी वस्त्रे दिली.

इथवर मी प्रोग्रामरांच्या बाजूने आहे. 'म्हणून ब्राउझरमधले सगळे काढून टाका' या त्यांच्या पुढच्या उडीत मात्र मी नाही. आधार क्रमांकाचे घ्या. बारा आकड्यांतला शेवटचा आकडा हा पडताळ्याचा असतो. याकोबुस व्हेरहुफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ती पद्धत आहे. कोणताही एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर ती पकडतेच पकडते. टाइप करताना माणूस याच दोन चुका सर्वांत जास्त करतो. हा हिशेब ब्राउझरमध्ये डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. मग ती चूक सर्व्हरपर्यंत नेऊन, नेटवर्कची वाट पाहून, पान परत आणून सांगायची कशाला? बँकेच्या शाखेच्या आयएफएससी कोडचेही तसेच. अकरा अक्षरे, पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य. तिथे शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाइप झाला तर जागेवरच सांगावे, किंवा गुपचूप दुरुस्त करून टाकावे. सुरक्षेच्या दृष्टीने याची किंमत शून्य. माणसाच्या दृष्टीने मोठी. एखादी गोष्ट चोराला अडवत नाही म्हणून निरुपयोगी ठरत असेल तर गावच्या वेशीवरची पाटीही काढून टाकावी लागेल.

कडक नियमवाल्यांचे म्हणणे जास्त गंभीरपणे घ्यायला हवे, कारण त्यांच्या मागे खरा अनुभव असतो. कचेरीतल्या कारकुनाला विचारा. चुकीच्या खाते क्रमांकावर गेलेले अनुदान परत आणण्यासाठी वर्ष जाते. मोबाइल नंबरात नऊच आकडे, पत्त्यात फक्त 'घरी', जन्मतारखेच्या जागी आजची तारीख, असे शेकडो अर्ज आले की त्रुटी काढण्यातच हंगाम संपतो. या लोकांना 'लोकांवर विश्वास ठेवा' असे उपदेश करणे सोपे आहे, त्यांची टेबले सांभाळणे अवघड. तेव्हा मान्य, की मोकळे सोडलेले रकाने कचरा आणतात.

पण सक्ती काय आणते? साचा तपासणे आणि सत्य तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्राउझरला फक्त पहिली जमते. आधारचा पडताळा जुळला म्हणजे क्रमांक नीट बांधलेला आहे. तो तुमचा आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आयएफएससी बरोबर, खाते क्रमांकात आकडे पुरेसे, आणि तरी पैसे भलत्याच्या खात्यात, हे साच्याच्या तपासणीला कधीच दिसणार नाही. त्यासाठी बँकेकडून खातेदाराचे नाव मागवून ते अर्जदाराला दाखवावे लागते, आणि ते काम सर्व्हरचे. म्हणजे कारकुनाला ज्या चुका छळतात त्यांतल्या बऱ्याच या कडकपणाने पकडल्या जात नाहीत. पकडली जातात ती भलतीच माणसे.

कोणती माणसे, ते जरा सावकाश पाहू. आपल्या भागातले नियम कोण लिहितो? बहुतेक वेळा लांबच्या शहरातला, मुदतीच्या घाईत असलेला मुलगा. तो लिहितो, गावाच्या नावात फक्त अक्षरे चालतील. आमच्या सांगली जिल्ह्यात एका गावाचे नाव लोक सर्रास '३२ शिराळा' असे लिहितात. तो लिहितो, गट क्रमांकात फक्त आकडे. सातबाऱ्यावर १४७/२/अ असते. तो लिहितो, पिनकोड ४१ नेच सुरू झाला पाहिजे, कारण योजना या भागाची आहे. खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळायला परमुलखात, जमीन आणि रेशनकार्ड गावात, टपाल घ्यायचा पत्ता तमिळनाडूतला, पिन ६ ने सुरू होणारा. तो अर्जदार खोटा आहे काय? कोणी जास्त हुशार निघाला तर पॅनच्या दहा अक्षरांतले पाचवे अक्षर आडनावाच्या आद्याक्षराशी जुळवून पाहतो. नियम खरा आहे, व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचेच असते. पण लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅन क्रमांक तोच राहतो. झाले, अर्ध्या विवाहित बायका बाहेर. आणि नावाचे तीन रकाने, स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आडनाव? राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही सक्तीचे केले. ज्यांनी तीन रकाने दगडावर कोरल्यासारखे बांधून ठेवले ते आता आईला कुठे बसवायचे याच्या विवंचनेत आहेत.

त्यातही मराठीत टाइप करणाऱ्याचे हाल वेगळेच. जावास्क्रिप्टमध्ये 'आकडा' ओळखण्याची जी ठरीव खूण आहे तिला फक्त रोमन अंक कळतात. ४१६४१६ असा सांगलीचा पिन देवनागरीत टाकला की तिच्या लेखी तो आकडाच नाही. गंमत म्हणजे हीच खूण पायथन या सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या भाषेत वापरली तर देवनागरी अंक चालतात. म्हणजे एकच नियम, त्याच अक्षरांत लिहिलेला, ब्राउझरमध्ये 'चूक' म्हणतो आणि सर्व्हरवर 'बरोबर'. नावांचे याहून वाईट. २०१८ च्या जावास्क्रिप्ट मानकात कोणत्याही लिपीतले अक्षर ओळखण्याची सोय आली. चांगल्या मनाचा प्रोग्रामर ती वापरतो आणि आपण आता सर्व भाषांना न्याय दिला असे समजतो. पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकाच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे धरलेली नाहीत, ती जोडचिन्हे धरली आहेत. त्यामुळे 'कमल' पास होते आणि 'सांगली' नापास. 'कृष्णा' हे नाव वाचणाऱ्याला दोन अक्षरांचे, ब्राउझरच्या लांबी मोजण्यात सहा एककांचे, आणि साठवताना नेहमीच्या पद्धतीने अठरा बाइटांचे (बाइट हे साठवणुकीचे माप). नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घालणाऱ्याला हे माहीत असते का? आणि कऱ्हाड! तो अर्धा ऱ कोणी एका चिन्हाने टाइप करतो, कोणी साध्या 'र'ला हलन्त देऊन, मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही 'कऱ्हाड' सारखेच दिसतात. यंत्राला ती दोन वेगळी गावे वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकच अक्षर वेगवेगळ्या रीतीने लिहिलेले असले तर ते एकरूप करण्याची पद्धत) ती एक करत नाही. यावर लाल अक्षरांत येते काय, तर 'इनव्हॅलिड इनपुट'. कऱ्हाडच्या माणसाने यातून काय बोध घ्यायचा? की आपले गाव अवैध आहे?

'हे दुरुस्त करता येईल, मग कडकपणा ठेवायला हरकत काय?' असे कोणी म्हणेल. दुरुस्त करता येईल हे खरे, आणि करावेच. देवनागरी अंक रोमनमध्ये बदलणे हे चार ओळींचे काम आहे. पण असे किती अपवाद आधी सुचतील? नियम लिहिणाऱ्याला जग माहीत नसते, फक्त त्याचे जग माहीत असते. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागाचे उदाहरण मला यासाठी आवडते, की त्यांनी आपले नियम वापरून पाहिले आणि मागे घेतले. आकड्यांसाठी असलेला 'नंबर' प्रकारचा रकाना त्यांनी २०२० मध्ये आपल्या शिफारशींतून काढला. त्यात माउसचे चाक फिरले तरी आकडा बदलतो, अशा अनेक अडचणी निघाल्या होत्या. खाते क्रमांक हा 'नंबर' म्हणून हाताळला की काय होते हे आपल्याकडच्या बँकवाल्यांनाही ठाऊक असावे. पुढची शून्ये गळतात, आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पलीकडे जावास्क्रिप्ट पूर्णांक अचूक सांभाळण्याची हमीच देत नाही. खाते क्रमांक हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नाही, ते आकड्यांत लिहिलेले नाव आहे. ब्राउझरची आयती तपासणीही ब्रिटिश विभागाचे लोक बंद ठेवायला सांगतात आणि चुका सर्व्हरकडून, साध्या भाषेत, त्या त्या रकान्याशेजारी दाखवायला सांगतात. ते आपल्याहून श्रीमंत म्हणून त्यांना हे परवडते असे नाही. ते मोजतात, म्हणून त्यांना कळते. २०१३ मध्ये त्यांनी मोजले, की किती लोकांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालतच नाही. उत्तर आले १.१ टक्के. एकूण लोकांपैकी फक्त ०.२ टक्क्यांनी ती बंद ठेवली होती किंवा त्यांच्याकडे ती सोय नव्हती. बाकीच्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरला स्क्रिप्ट चालवता येत होती, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही किंवा चालली नाही. तिथले नेटवर्क असून ही गत. ज्या फॉर्मचे बटण स्क्रिप्टशिवाय हलतच नाही, तो फॉर्म आटपाडीच्या एखाद्या वाडीत पावसाळ्यात कितीजणांना मुका भेटत असेल, याचा हिशेब आपल्याकडे कोण ठेवतो?

सक्तीचा रकाना खोटे बोलायला शिकवतो, हा माझा सर्वांत मोठा आक्षेप. आणि याचा पुरावा शोधायला संगणकापर्यंत जायची गरज नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा पाहा. १ जून. आजोबा १ जून, त्यांचे भाऊ १ जून, शेजारचे तात्याही १ जून. शाळेच्या रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. बापाला तारीख माहीत नव्हती. गुरुजींनी वय शाळेत बसेल अशी तारीख टाकून दिली. गुरुजी लबाड नव्हते, त्यांना पोरगे शाळेत घ्यायचे होते. 'तारीख माहीत नाही, साल अंदाजे' असे लिहायला जागा असती तर आज आपल्याकडे खरी, अपुरी माहिती असती. सक्ती होती म्हणून पूर्ण, खोटी माहिती आहे, आणि ती आता शाळेच्या दाखल्यावरून आधारवर, आधारवरून पेन्शनवर अशी पिढीजात चालली आहे. भरीस भर म्हणजे नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की 'हा अर्ज आधीच आला आहे' असे सांगणारे फॉर्म निघाले आहेत. एकाच भावकीतले दोन चुलतभाऊ, दोघांचे नाव आजोबांवरून ठेवलेले, दोघे १ जूनचे. दुसरा आला की तो आपोआप बनावट.

सेवा केंद्रात आज तेच चालते. ईमेल सक्तीचा? केंद्रवाला स्वतःचा टाकतो, किंवा उभ्या उभ्या एक काढून देतो आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो. मोबाइल सक्तीचा आणि आजीकडे मोबाइल नाही? केंद्रवाल्याचा, नाहीतर भाच्याचा. पुढे ओटीपी त्याच नंबरवर जातो. सुरक्षेच्या नावाखाली घातलेल्या सक्तीने म्हातारीच्या अनुदानाची किल्ली भलत्याच्या खिशात गेली, आणि तपासणीच्या नजरेत तो अर्ज निर्दोष आहे, दहा आकडे, सुरुवात ९ ने. कडक नियमवाल्यांना मी हेच विचारतो, की तुम्हाला कमी चुका हव्यात की कमी दिसणाऱ्या चुका?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तांत्रिक चर्चेत तो येतच नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ काय सांगतो? अधिसूचित सेवेसाठी अर्ज आला की पोच द्या. ठरलेल्या मुदतीत सेवा द्या किंवा अर्ज फेटाळा. फेटाळला तर कारणे लेखी द्या, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचे तेही कळवा. पहिल्या अपिलाला तीस दिवस. त्यानंतर दुसरे अपील, त्यानंतर आयोग. या सगळ्या संरक्षणाची सुरुवात एका गोष्टीपासून होते, अर्ज 'आला' पाहिजे. ब्राउझरमध्ये अडलेला अर्ज येतच नाही. त्याला आवक क्रमांक नाही, तारीख नाही, नाकारणारा अधिकारी नाही, कारण नाही, म्हणून अपीलही नाही. महिन्याअखेर अहवाल तयार होतो, आलेले अर्ज इतके, मुदतीत निकाली इतके, फेटाळलेले जवळजवळ शून्य. आकडे चकचकीत. जो माणूस करड्या बटणासमोर बसून घरी गेला तो या अहवालात नाहीच.

कागदाच्या काळात तहसील कचेरीचा आवक कारकून काही कमी खडूस नव्हता. 'हे जोडले नाही, ते जोडले नाही' म्हणून तो कागद परत सरकवायचा. पण माणूस हट्टाला पेटला, गावातला एखादा जाणता बरोबर घेऊन गेला आणि म्हणाला, 'अपुरा आहे तर आहे, घ्या आणि पोच द्या', तर शिक्का मारून द्यावा लागायचा. त्या शिक्क्यामागे भांडायला जागा होती. स्क्रिप्टशी भांडता येत नाही. ती अधिकारी नाही, तिने घेतलेला निर्णय कोणाच्या सहीचा नाही, आणि तरी तो अंतिम असतो. एका कंत्राटदाराच्या कोणा कर्मचाऱ्याने लिहिलेली साच्याची एक ओळ पात्रतेचा निकष होऊन बसते. ती कोणत्या शासन निर्णयात आहे? कोणी मंजूर केली? पतसंस्थेच्या किंवा खासगी क्लासच्या फॉर्मला हा कायदा लागू नाही हे मला माहीत आहे. पण सभासदाचा अर्ज संचालक मंडळापुढे न जाता ब्राउझरमध्येच मेला तर सहकारातही त्याला न्याय मागायची जागा उरत नाही.

याउलट काय करता येते हे पाहायला आपल्याच टपाल खात्याकडे पाहावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. अडचण मोठी होती. एकाच नावाची अनेक गावे, आणि पत्ते देशभरच्या लिप्यांत लिहिलेले. त्यावर सहा आकड्यांचा तोडगा निघाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन त्या टपाल कार्यालयाचे. हीही एक प्रकारची तपासणीच. पण पिन नसलेले पत्र पेटीने तोंड मिटून नाकारले नाही. पिन असेल तर पत्र लवकर, नसेल तर वर्गीकरण करणाऱ्याला डोके खाजवावे लागेल, पोस्टमन चार घरी विचारेल, पण पत्र घेतले जाईल. आज त्याच पिनकोडच्या रकान्यात एक आकडा कमी पडला म्हणून अख्खा अर्ज अडतो. वेलणकरांनी माणसाचे काम हलके करायला काढलेले साधन आपण माणसाला हाकलायला वापरतो आहोत.

खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी हसत नाही. मी सांगलीत छोट्या संस्थांसाठी फॉर्म लिहितो. तिथे एकच माणूस असतो, कधी तोही अर्धवेळ. नियम दोनदा लिहायचे, ब्राउझरसाठी एकदा आणि सर्व्हरसाठी एकदा, आणि दोन्ही कायम जुळते ठेवायचे, हे त्याच्याकडून होत नाही. पण मग दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर सर्व्हरचे करावे, आणि ब्राउझरला एचटीएमएलच्या फुकट मिळणाऱ्या खुणा पुरेत. आज घडते ते नेमके उलटे, कारण ब्राउझरमधली लाल-हिरवी रोषणाई संचालकांना डेमोत दिसते आणि सर्व्हरची तपासणी कोणाला दिसत नाही. शेवटच्या दिवशी सर्व्हर कोलमडतो, म्हणून चुकीचे अर्ज ब्राउझरमध्येच थांबवावेत, हाही मुद्दा ऐकू येतो. चुका लवकर दाखवल्याने भार कमी होतो हे खरे. पण दोन-चार किलोबाइटच्या मजकुराने कोणताही सर्व्हर झोपत नाही. तो झोपतो तो एकाच दिवसाच्या शेवटच्या तासात सगळ्यांनी चढवलेल्या मोठमोठ्या फोटोंनी आणि पीडीएफांनी. त्यावर उपाय फाइलचा आकार ब्राउझरमध्ये पाहणे, जमल्यास तिथेच लहान करणे. तिथे स्क्रिप्टने जरूर घाम गाळावा. आणि बटण दोनदा दाबले म्हणून फी दोनदा कापली जाऊ नये यासाठी ते क्षणभर बंद करणेही ठीक, मात्र एकाच अर्जाला एकच खूण देऊन सर्व्हरनेही ते सांभाळायचे.

माझी मागणी फार नाही. ब्राउझरने चूक दाखवावी, मराठीत, त्या रकान्याशेजारी, आणि काय लिहिले म्हणजे चालेल हे सांगून. भरलेले काही पुसू नये. आणि चुकीच्या खाली एक बटण असावे, 'तरीही पाठवा', शेजारी दोन ओळी लिहायला जागा, की हे असेच का आहे. 'गावाचे नाव असेच आहे.' 'मोबाइल नाही.' 'लग्नाआधीचे पॅन आहे.' तो अर्ज सर्व्हरवर पोहोचावा, त्याला क्रमांक आणि तारीख पडावी, मग त्रुटी काढायची तर माणसाने काढावी, सहीनिशी. सर्व्हरने आपल्या बाजूने जे धोक्याचे आहे ते बिनदिक्कत नाकारावे. रक्कम, पात्रता, दुसऱ्याच्या नावावरचे खाते, यांत दयामाया नको. फक्त नाकारल्याची नोंद ठेवावी.

यावर कारकून म्हणेल, आमच्या टेबलावर ढीग पडेल. पहिल्या हंगामात पडेलही. पण त्या ढिगात कशाकशावर लोकांनी 'तरीही पाठवा' दाबले हे पाहिले, तर कोणता नियम चुकलेला आहे ते आठवडाभरात कळेल. शंभर लोक गट क्रमांकाच्या तिरक्या रेघेवर अडले असतील तर दोष शंभर जणांचा नाही, त्या एका ओळीचा आहे, आणि ती ओळ बदलली की ढीग उतरतो. आज ती ओळ कोणालाच सापडत नाही, कारण तिथे अडलेले सगळे टेबलापर्यंत येण्याआधीच परत गेलेले असतात. पुढच्या निविदेत कंत्राटदाराकडून फॉर्मचे रंग आणि लोगो मागण्याआधी संस्थांनी एक आकडा मागावा: फॉर्म उघडून भरायला सुरुवात केली, पण पाठवता आला नाही, असे लोक किती आणि कोणत्या रकान्यावर थांबले.